पोथीला न बसलेले आप्पा

मागच्या खेपेला बेंगळुरूला परतताना बेळगाव स्टेशनवर आप्पांनी माझी बॅग डब्यात चढवली आणि तिकीट माझ्याच हातात दिलं. "सीट कुठली ती तूच बघ गं, चष्मा घरी ऱ्हायला." चष्मा त्यांच्या खिशात होता, मला दिसत होता. मी सीटचा नंबर बघून घेतला. वडिलांच्या वाचण्यावर बोलून मी एकदा माती खाल्ली होती.

आमच्या बेळगुंदीत श्रावणात देवळात पोथी लावतात. घरटी एकाने पाळीपाळीने वाचायची. आप्पांची पाळी आली की त्यांना नेमका खोकला यायचा. मी तेव्हा चौथीत, वर्गात पहिली, त्यामुळे शहाणपणाला ऊत आलेला. एका वर्षी खोकला सुरू होताच मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पांना वाचायला येत न्हाय, मी वाचते." लोक हसले. मी घडाघडा वाचलं, कौतुकही झालं. आप्पा पुन्हा कधी पोथीला बसले नाहीत.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं मी बेंगळुरूत एसीत बसून मजा मारते. आपल्यातले जे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक असेल, इथं बूड टेकत नाही. मी एका लॅबमध्ये स्कॅनिंग करते. मोठी माणसं मशीनमध्ये आडवी होऊन समोरचे शब्द वाचतात आणि तेव्हा मेंदूचा कुठला भाग किती कामाला लागतो ते आम्ही तपासतो. काही जण चार ओळींत दमून जातात. पण त्यांचा मेंदू झोपलेला नसतो. कधीकधी तो माझ्यासारखीच्या मेंदूपेक्षा जास्त राबत असतो. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला आप्पांचा पोथीतला खोकला आठवला.

कित्येक महिने टाळून परवा मी हे आप्पांना फोनवर सांगितलं. काही माणसांना वाचायला जड जातं, त्यात त्यांचा दोष नसतो, असं काहीबाही बोलत मी खोलीत येरझाऱ्या घालत होते.  मग आप्पा म्हणाले, "म्हंजे मी आळशी न्हवतो म्हण की. मास्तर लई मारायचे गं, आळशी म्हणून."

साठी उलटलेला माणूस हे मला विचारत होता. मला रडू आलं. देवळातल्या त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं, आणि मी विचारलं, आज भाजी काय केली.

पूर्वी घर म्हटलं की शेत, गोठा, अंगण आठवायचं. आता घर म्हणजे आप्पा, ज्यांची माफी फोनवर मागता येत नाही. रजा टाकलीय, शुक्रवारी निघते. तोवर आरशासमोर ते एक वाक्य म्हणून बघते आणि दर वेळी मध्येच अडखळते.