दांडा नसलेला हातोडा

बाल्कनीतल्या छोट्या वर्कशॉपसाठी मी मापांसकट यादी घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. "महिन्याभरात सगळं माळ्यावर जाईल," असं नवरा म्हणाला होता. तीच धास्ती मलाही होती.

शेजारी एक वयस्क सुतार हातोड्याचं नुसतं लोखंड तळहातावर तोलत होते.

"काका, दांडा?"

"तो घरी घडवायचा. तुमच्या हातातल्या हातोड्याचा हा तयार दांडा कुणाच्या हाताच्या मापाचा, ताई?"

खरंच, माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याची उंचीसुद्धा दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली!

बाकी सगळं यादीप्रमाणे घेतलं. तयार हातोडा मात्र परत ठेवून नुसतं लोखंड उचललं. दुपारी बाल्कनीत बाभळीचा तुकडा तासायला बसले. दांडा होईपर्यंत एक खिळाही ठोकता येणार नव्हता, आणि कधी नव्हे ती मला कसलीच घाई नव्हती.