तळ्यालाही ‘येतो’ म्हणायचं

आमच्या ह्यांना एक खोड आहे. निघताना ‘येतो’ सगळेच म्हणतात, पण हे तळ्यालाही म्हणतात. सुलीभंजनच्या डोंगरात परियों का तालाब म्हणून तळं आहे. तिथं सायकली टेकवायच्या, घाम वाळू द्यायचा आणि निघताना पाण्याकडं तोंड करून म्हणायचं, येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. म्हटलं, तळं काय चहा टाकून ठेवणार आहे का तुमच्यासाठी?

सायकल मला ह्यांनीच शिकवली, तीही चाळिशी उलटल्यावर. हे वाळूजच्या कंपनीत मशीनवर होते, सुट्टी रविवारची. बजाजनगरातून शरणापूरमार्गे दौलताबाद, मग किल्ला मागं टाकून घाट, पुढं खुलताबाद आणि तिथून डोंगराच्या अंगाअंगानं तळं. पुढं हे, मागं मी. पुढच्यानं ओरडून सांगायचं आणि मागच्यानं ऐकायचं, हा आमचा कायदा. खड्डा. वाळू. डावीकडं म्हैस. मी मान खाली घालून त्यांच्या आवाजावर चालवायची. घरात मी ह्यांचं एक ऐकत नाही, सायकलीवर मात्र शब्द न शब्द ऐकायची.

मागच्या वर्षी सीताफळांच्या दिवसांत आम्ही घाट उतरत होतो. डावीकडून मेंढरं रस्त्यावर आली आणि हे काहीच ओरडले नाहीत. ब्रेकसुद्धा लावला नाही. एक कोकरू चाकाखाली जाता जाता वाचलं आणि हे कडेच्या गवतात जाऊन पडले. कोपर सोललं. मेंढरांमागची धनगरीण तावातावानं आली आणि तिनं विचारलं, डोळं फुटलं का काय? मी काय ऐकून घेणार! तिला म्हटलं, रस्ता तुझ्या बापाचा आहे का, आवरता येत नाहीत तर आणतीस कशाला मेंढरं? हे खाली बसून कोपरावर पाणी ओतत होते.

"तिचं बरोबर हाय," हे म्हणाले. "मला दिसलीच नाहीत."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. गेलं ते परत येत नाही, थेंब घालून उरलंय तेवढं जपायचं. आता रस्त्यावर सायकल नको, असंही सांगितलं. मग मला एकेक आठवायला लागलं. हे दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. ताटात डावीकडं वाढलेली चटणी तशीच राहायची आणि मी म्हणायची, नखरे नुसते.

थोड्या दिवसांनी हे म्हणाले, एकदा तळ्याला जाऊन येऊ, मग सायकल कुणाला तरी देऊन टाक. मी साफ नाही म्हटलं. मला लई राग आला होता, कुणावर ते माझं मलाही ठाऊक नाही. मी अबोला धरला. हे भांडले नाहीत, नुसती रोज सायकल पुसत राहिले. ते काही मला बघवेना. शेवटी मीच म्हटलं, चला. पण पुढं मी, मागं तुम्ही, आणि परत येताना घाट चालत उतरायचा.

उजाडताच निघालो. मी लेकीचा केशरी टी-शर्ट घातला होता, ह्यांना समोर मी तरी नीट दिसावी म्हणून. त्या दिवशी ओरडायचं काम माझं होतं. खड्डा. वाळू. डावीकडं रिक्षा. मागून दर वेळी ह्यांचा ‘हां’ यायचा. घाटात एका वळणावर तो आला नाही. पाय टेकून मागं बघितलं, तर हे थांबून निवांत पाणी पीत होते. शिव्या ओठावर आल्या होत्या, त्या गिळल्या.

पाऊस सरला होता आणि तळं काठोकाठ भरलेलं होतं. हे काठावर बसले आणि मान वळवून वळवून बघत राहिले. सगळं तळं आता त्यांच्या एका नजरेत मावत नव्हतं. आधी पलीकडचा डोंगर, मग झाडं, मग पाणी, असं तुकड्यातुकड्यानं बघावं लागत होतं. एरवी मी घाई केली असती. त्या दिवशी शेजारी बसून राहिले.

ऊन चढायला लागलं तसे हे उठले. सायकल हातात घेतली आणि पाण्याकडं तोंड करून म्हणाले, "जातो."

जातो असं कुणी म्हणतं का? कोपऱ्यावरून दळण आणायला निघालेलं माणूससुद्धा येतो म्हणतं. मी नेहमीसारखी फटकन बोलले.

"येतो म्हणा."

"तू म्हण," हे म्हणाले. "तू येशील."

मी रडले. तिथंच, सायकलचं हँडल धरून उभ्या उभ्या रडले. हे थांबले. मग मी नाक पुसलं आणि तळ्याकडं वळले. बाईमाणसानं एकटीपुरतं म्हणायचं तर ‘येते’ म्हणायचं असतं.

मी म्हणाले, "येतो."