दुपारचा दाणा

मी एंझाइमची पावडर विकायचो. कोंबड्यांच्या खाद्यात ती मिसळली की भर उन्हाळ्यातही दाणा पचतो, असं शेडोशेड सांगत फिरायचो. शहरात, कारेलीबागेत वाढलेला, वर बी.एस्सी. झालेला, त्यामुळे तोंड जरा जास्तच चालायचं.

शहराबाहेर, बाजव्याच्या पुढे एका काकांची ब्रॉयलरची शेड होती. कारखान्यातून निवृत्त झालेला साधा माणूस. मे महिन्यात ते सकाळीच दाण्याची भांडी दोरीने वर ओढून ठेवायचे आणि ऊन उतरलं की खाली सोडायचे. पोटात दाणा असला की पक्षी आतून तापतो, असं त्यांचं म्हणणं. मी हसलो. पावडर आहे ना, मग दुपारी उपाशी ठेवून वजन कशाला घालवता, म्हणत मीच त्यांना भांडी खाली सोडायला लावली. चार दिवसांनी विकलेले पक्षी उचलायला गाडी येणार होती.

तिसऱ्या दुपारी त्यांचा फोन आला. पोचलो तेव्हा अर्धी शेड मेली होती. उरलेल्या कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकत होत्या. काकू मधोमध बसून, ज्या वाचणार नाहीत त्यांच्या माना पिरगळत होत्या. एक पिरगळायची, बाजूला टाकायची, दुसरी ओढायची. वर बघतसुद्धा नव्हत्या.

काकांनी एक मेलेली कोंबडी उचलली, गळ्याखालची दाण्याची पिशवी सुरीने फाडली आणि आतला दाणा माझ्या शर्टावर ओतला. ओला, गरम, जसाच्या तसा.

"हे पचलं? बोल ने, पचलं?"

आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली.

चूक माझी होती. मला ती दारातच कळली होती, म्हणून तर डोकं फिरलं. मी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ते मेलेल्या कोंबड्यांवर पडले, तरी मी वर लाथ घातली. बापाच्या वयाच्या माणसाला. काकूंचे हात थांबले. त्यांच्या मुठीतली कोंबडी अर्धवट पिरगळलेली मान घेऊन फडफडत राहिली.

काका भिंतीला धरून उठले. ओठ फाटला होता. रक्त बाहीला पुसून त्यांनी जिवंत उरलेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, आता यांना वाचवायला काय करू?"

त्यांनी पुन्हा मारलं असतं, तर मी हात उचलला नसता.