आमचे भक्कम पासवर्ड

बोर्डावर शेवटची टाचणी टोचली की मॅडम दोन पावलं मागे यायच्या, मान वाकडी करून एक डोळा मिटायच्या आणि विचारायच्या, "सर, लांबून दिसतंय ना?" काय लिहिलंय, बरोबर आहे का, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही.

मी खारघरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळे टाचण्या, कार्डशीट, ग्लिटर पेनं यांसाठी मॅडमची धाड माझ्याच कपाटावर. सहावी ते आठवीला डिजिटल साक्षरतेचा तास सुरू झाला, तो त्यांना मिळाला. का? तर शाळेत त्यांचे बोर्ड सगळ्यात सुंदर असायचे म्हणून! हसू नका, तुमच्या मुलांच्या शाळेतही असंच चालत असेल.

सातवीला त्यांनी पासवर्ड शिकवला. शिकवलं बरोबर, उगाच खोटं कशाला बोलू? मोठं अक्षर, आकडा, चिन्ह हवं, घरातल्यांचं नाव नको, कोणाला सांगायचा नाही. आणि मग प्रत्येकाकडून स्वतःचा पासवर्ड रंगीत कार्डावर लिहून घेतला, खाली नाव घातलं आणि जिन्यासमोर लावून टाकला. वर मथळा, 'आमचे भक्कम पासवर्ड'.

"अहो मॅडम, पासवर्ड काय भिंतीवर लावतात?"

"सर, उद्या तपासणीला येणारेत. रिकामा बोर्ड दाखवू? काम केलं तर दिसायला नको?"

मी कपाळावर हात मारला. पोरं मात्र बेरकी, बहुतेकांनी मनाला येईल ते खरडलं होतं. तन्वीनं खरा लिहिला. मॅडमनीच सांगितलं होतं, "खराच लिहा, खोट्याला मार्क नाहीत."

आठवड्याभरात शाळेच्या ॲपवर, वर्गाच्या ग्रुपमध्ये, तन्वीच्या नावानं एक घाणेरडा मेसेज पडला. तिचे वडील रबाळ्याच्या कारखान्यातून कामाच्या कपड्यांतच धावत आले. मी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये घुसलो. म्हटलं, "मेसेज तिनं टाकलेला नाही. चला, दाखवतो." सगळ्यांना बोर्डापुढे नेऊन उभं केलं.

वडिलांनी कार्ड वाचलं. पासवर्डात त्यांचंच नाव होतं.

"माझं नाव टाकलंस व्हय गं?" एवढंच म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बघा!" मॅडम म्हणाल्या. "घरातल्यांचं नाव नको म्हणून मी दहादा सांगितलं होतं."

असा संताप आला ना! मुख्याध्यापक त्यांच्या वरताण. "सर, वाद नको. मुलीनं वर्गापुढे सॉरी म्हणावं, विषय संपला." तन्वीनं न केलेल्या गुन्ह्याची माफी मागितली. जाताना स्वतःचं कार्ड ओरबाडून घेऊन गेली, ती परत आलीच नाही. वडिलांनी तिला करंजाड्याला, घराजवळच्या शाळेत घातलं.

मॅडमही आता आमच्या शाळेत नाहीत. तपासणीत त्या बोर्डाचे फोटो निघाले होते, त्या जोरावर एका बड्या शाळेनं त्यांना उचललं. निरोपाला त्यांनी पेढे वाटले. मी घेतला नाही.

त्या गेल्यावर बोर्ड उतरवायचं काम माझ्याकडे आलं. तन्वीच्या कार्डाच्या जागी कागदाचं फुलपाखरू होतं, दोन्ही पंखांवर ग्लिटर. ते मॅडमनी तिनं माफी मागितली त्याच दुपारी लावलं होतं, माझ्याकडून टाचण्या मागून नेऊन.

"मध्येच रिकामं दिसतंय हो, सर," म्हणाल्या होत्या.