फुली मारलेले सहा अंडे

मी लय बोलतो, हे तुमाले कोणीही सांगन. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत कूलरवाला गजू दिसला का लोकं आधीच हसाले तयार राहते, मी तोंड उघडलं नसलं तरी. माझ्या तोंडाले देवानं झाकणच नाई बसवलं. अन् तरी एक गोष्ट — तीन हिवाळे झाले — मी कोणाजवळच काढली नाई. चहाच्या टपरीवर नाई, दारू पिऊन नाई, देवाजवळ पण नाई. पोराले फोनवर सांगावं म्हटलं तर तो "हाँ पापा, ठीक है पापा" म्हणते अन् ठेवते. बायको राहिली नाई. मंग राहिलं कोण? तुमी. बसा जराक.

गोष्ट कोंबडीची आहे. म्हणजे — कोंबडीची नाई. पण कोंबडीपासूनच सुरू करू द्या मले.

माझ्या भिंतीच्या पलीकडे कौसल्या मावशी राहते. सख्खी नाई. तिचा नवरा अन् माझा बाप दोघंही रेल्वेत खलाशी, दोघंही गोंदियाकडून आलेले, म्हणून मावशी. आता गल्लीत मराठी बोलणारे आमी दोघंच उरलो. बाकी घरच्या पोट्ट्यायले समजते सगळं, पण जवाब हिंदीतच देते. हिवाळ्यात कूलरवाल्याले कोण विचारते? तर चार महिने मी इकडे ऊन खात बसो, मावशी भिंतीच्या तिकडे बसे, अन् आमचं चालू राहे. वांग्याचं भरीत, गोंदियातले मेलेले लोकं, कोणाच्या लगनात कोण रुसलं होतं. सारी गल्ली माझ्या गोष्टीवर हसे. मावशी नाई हसे. "झालं तुझं?" म्हणे अन् आपलं निवडणं चालू ठेवे. हेच मले तिचं आवडे. अन् हेच खुपे पण. कोणालेच नाई खुपणार का असं?

मावशीचं नाव होतं कोंबड्यायसाठी. तीन कोंबड्या, एक कोंबडा, बस. पण कोणतं अंडं बसवाचं अन् कोणतं खायचं, हे ती नुसतं हातात घेऊन सांगे. दुसऱ्या पाऱ्यातल्या — इकडे मोहल्ल्याले पारा म्हणते — बायका अंडे दाखवाले येत. ती अंडं कानाले लावे अन् डोळे मिटे. मले सांगे, "विसाव्या दिवशी पिल्लू आतून बोलते, गजू. कवच फोडाच्या आधीच. अन् कोंबडी वरून त्याले जवाब देते. बाहेर याच्या आधीच दोघायची ओळख होऊन जाते." मी मनात म्हटलं, म्हातारी फेकून राहिली.

त्या हिवाळ्यात मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. घरीच मशीन बनवा, कोंबडीशिवाय पिल्ले काढा. झालं. मेलेल्या कूलरचा पत्र्याचा डबा घेतला, आतून थर्माकोल लावलं, चाळीसचा बल्ब, छोटा पंखा, ओल राहाले पाण्याची वाटी, अन् बल्ब आपोआप बंद-चालू करते ते थर्मोस्टॅट. थर्मामीटर पण आणलं, पण दुसरीतून शाळा सोडलेल्या माणसाले थर्मामीटर काय सांगन? टपरीवाल्या भैयाकडून एकदा वाचून घेतलं अन् जिथं लाल रेघ पाहिजे तिथं खूण केली. बायकोची नखपॉलिश पडून होती डब्यात. सुकत आली होती, पण तेवढी निघाली.

व्हिडिओवाला म्हणत होता, झाकणाले काच लावा, उघडू नका. मी काच नाई लावली. काचेतून दाखवण्यात काय मजा?

तेव्हा मावशीची चितरी कोंबडी खुडुक झाली होती. टोपल्यात पैरा, म्हणजे धानाचं तणस, टाकून मावशी तिच्याखाली अंडे बसवाच्या तयारीत. मी भिंतीवरून म्हटलं, "मावशी, चितरीले पेन्शन दे आता. माझी मशीन काढते पिल्ले."

"पोट नाई त्या डब्याले," ती म्हणे.

"लाव शर्त. बारा अंडे काढ, सहा तुझे, सहा माझे. हारन त्यानं कोंबडीचा रस्सा चाराचा."

"हव. तिखट कमी टाकजो," मावशी म्हणे. न हसता.

एकाच दिवशी बसवले. तिनं आपल्या सहा अंड्यायवर कोळशानं फुल्या मारल्या, कारण दुसऱ्या कोंबड्या मधातच येऊन अंडं घालून जाते, मंग कळत नाई कोणतं कधीचं. माझ्या अंड्यायवर खूण नाई. माझ्या मशीनमध्ये कोण येते अंडं घालाले?

येत होते पण. सारा पारा येत होता. "गजू भैया, दिखाओ ना." मी झाकण उघडो, हात फिरवो, भाषण देओ. हा बल्ब म्हणजे बाप, हा पंखा म्हणजे आजी, सारखी भुणभुण करते. लोकं हसत. दुसरे येत, मी पुन्हा उघडो. दिवसातून किती वेळा उघडलं असन? आतली वाफ माझ्या तोंडावर येऊन विरून जाय, अन् मी बोलतच राहो. बायको गेल्यावर घरात इतके माणसं पहिल्यांदा आले होते. आता तुमी म्हणान का गजू कारण देऊन राहिला. नाई. हे फक्त झालं तसं सांगितलं.

अठराव्या दिवशी मी भर दुपारी गोधडीत घुसलो. अंधार पाहिजे नं — अंड्यामागं फोनचा लाइट धरून पाहाचं राहते, आत काय हालते. पहिल्यात एक काळा डाग, भोवती रक्ताचं कडं. हालचाल नाई. दुसऱ्यात तेच. सहाही तसेच. कितीतरी दिवसाआधीच गेले होते. म्हणजे मी ज्यायले दाखवून राहिलो होतो, ते मेलेलेच दाखवून राहिलो होतो. मी गोधडीतच बसून राहिलो. घाम आला. पिल्लायसाठी नाई बरं. लोकं काय म्हणतीन, ह्याच्यासाठी. जोकरवर लोकं हसते ते जोकरनं हसवलं म्हणून. त्यानं न हसवता हसले, तर मंग तो राहिला कुठं?

मंग विसावा दिवस. सकाळीच मावशी भिंतीजवळ आली. तिचं तोंड असं — मी कधी पाह्यलं नव्हतं तिचं तसं तोंड. "गजू, बोलून राहिले रे. सहाचे सहा बोलून राहिले." तिले अभनपूरले जाणं होतं, जावयाच्या आईची तेरवी, टाळता येत नव्हती. तिनं घराची चाबी माझ्या हातात ठेवली. "चितरीले पाणी ठेवजो. उठवजो नको. सांजपर्यंत येते मी."

चाबी कोणाले दिली तिनं? ज्याच्यासंग शर्त लावली होती, त्याले. तिच्या मनात पण नाई आलं.

दुपारी मी कुलूप उघडलं. खिशात कोळसा, हातात ओलं फडकं, अन् डालडाच्या डब्यात माझे सहा. चितरी ओसरीवजा परछीत टोपल्यात बसून होती. मले तिनं चोच नाई मारली. रोज भिंतीवरून दाणे टाकत होतो मी, ओळखत होती. पोटाखालून एक अंडं काढलं. अन् कानाले लावलं. काहून लावलं? नसता आला आवाज तर सुटलो असतो, म्हणूनच लावलं असन.

आला. बारीक. दाराच्या मागून कोणी लहानसं विचारते नं, कोण आहे म्हणून, तसा. मंग दुसरं लावलं. तिसरं. सहाही लावले. अन् वरून चितरी — कुट, कुट — एकेकाले जवाब देऊन राहिली होती. म्हातारी फेकत नव्हती.

इथं मी थांबू शकत होतो. तुमी असते तर थांबले असते का? मले माहीत नाई. मी नाई थांबलो. फडक्यानं फुल्या पुसल्या. माझ्या मेलेल्या अंड्यायवर कोळशानं फुल्या काढल्या. सही येत नाई मले, अंगठा लावतो मी, पण फुल्या अशा काढल्या का मावशीच्याच वाटे. ते सहा चितरीच्या खाली सरकवले. तिनं चोचीनं एकेक आत ओढून घेतलं. अन् मी तिचे सहा बनियनच्या आत, पोटाले लावून, घरी आलो. पूर्ण रस्ता ते बोलत होते. रस्ता म्हणजे काय, वीस पावलं. पण बोलत होते.

त्या दिवशी मी झाकण नाई उघडलं. एकदाही नाई.

दुसऱ्या दिवशी कवचं फुटाले लागले अन् मी पारा गोळा केला. पाच निघाले. सहाव्यानं आतून चोच मारून छेद पाडला होता, पण मी अर्धा तास झाकण उघडं ठेवलं लोकायले दाखवाले. ते आतल्या आतच वाळून गेलं. मी म्हटलं, "ये थोड़ा शर्मीला है." लोकं हसले.

मावशी पण आली पाहाले. एक पिल्लू हातात घेतलं, उलटंपालटं केलं, ठेवलं. "जमलं तुले," म्हणे. मी मोठेपणानं म्हटलं, घेऊन जा मावशी पाचही, चितरी सांभाळन. ती म्हणे, "नाई. तिचे अजून यायचे आहे."

तिचे अजून यायचे आहे.

माझे पिल्ले दिवसभर ओरडत. भिंतीच्या तिकडे चितरी मान वाकडी करून भिंतीकडे पाहे अन् कुटकुट करे. पाणी प्याले उठे, भिंतीपर्यंत जाय, मंग परत येऊन त्या सहावर बसे. बाविसावा दिवस झाला, तेविसावा झाला. मावशी रोज सकाळी एकेक अंडं कानाले लावे. मी भिंतीवरून पाहत राहो. पंचवीस. सव्वीस. सत्ताविसाव्या दिवशी एक फुटलं, घाण सुटली. मंग तिनं बाकीचे अंगणात नेऊन फोडले. तिले पाहताच समजलं. कोंबड्यायतच जिंदगी गेली तिची. पाच-सहा दिवसायचे होऊनच गेलेले, पंख पण नाई आलेले. ती उकिडवी बसून राहिली त्यायच्या जवळ.

"गजू, हे तर कधीचेच गेलेले आहे. मंग मले आवाज कायचा आला?"

आता ऐका मी काय म्हटलं. म्हणजे हेच सांगाले तुमाले बसवलं आहे. कोंबडी नाई, शर्त नाई. हे.

मी म्हटलं, "वय झालं मावशी. कान वाजते कधी कधी."

तिनं माझ्याकडे पाह्यलं. अन् मान हालवली. मानलं तिनं. माझं मानलं, आपल्या कानाचं नाई मानलं.

तिथं पण नाई थांबलो मी. संध्याकाळी टपरीवर म्हटलं, हमारी मौसी को आजकल अंडे से फोन आता है, उठाओ तो कट जाता है. लोकं असे हसले, असे हसले का चहा सांडला. माझ्या जिंदगीतली सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट आहे ही. आठ दिवसात पोट्टे तिच्या दारासमोरून जाताना ओरडत, "दादी, अंडे का फोन आया क्या?" ती दार लावून घेई.

शर्तीचा रस्सा तिनं चितरीचाच चारला. बसून बसून चितरीचे हाडंच राहिले होते, उठतच नव्हती रिकाम्या टोपल्यातून. मावशी म्हणे, शब्द दिला होता. मी पाटावर बसलो. दोनदा वाढून घेतलं. तिखट कमी होतं.

तिनं बाकीच्या कोंबड्या अभनपूरले पोरीकडे धाडल्या. बायका अंडे घेऊन आल्या तर "मले नाई समजत आता" म्हणून परत पाठवल्या. माझ्या पाचातून दोन मांजरानं नेले, तीन मी देऊन टाकले. मशीन कूलरच्या ढिगात पडली आहे. आतल्या थर्मामीटरवर ती खूण अजून आहे.

अन् ऊन खायले मी बसतो अजून, पण भिंतीच्या तिकडे कोणी बसत नाई. मावशी येते भिंतीजवळ, नाई असं नाई. पण फक्त विचाराले येते. दार वाजलं का रे, गजू? कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या? कोणी हाक मारली का? कशाचाही आवाज आला का पहिले मले विचारते, मंगच उठते. कान चांगले आहे तिचे, डॉक्टरनं पाहून सांगितलं. पण तिले भरोसा नाई. भरोशाचा माणूस तिले एकच आहे साऱ्या पाऱ्यात.

आज सकाळी दूधवाला तिच्या दारात दोनदा "अम्मा, अम्मा" ओरडला. ती रिकामं गंज-पातेलं हातात घेऊन भिंतीजवळ आली.

"गजू, आवाज आला का रे?"

"आला मावशी. जा."

ती गेली. मी तिथंच उभा होतो. त्या दिवशी पण आला होता. सहाचे सहा बोलत होते, मी एकेक कानाले लावून ऐकले आहे. तिले नाई सांगितलं. तुमाले सांगितलं.