डबा कुणाचा, साखर कुणाची

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. भोसरीत आम्ही राहतो त्या इमारतीत माझा आवाज चढला की खालच्या मजल्यावरच्या काकू टीव्ही बारीक करतात. ऐकायला!

तर गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी कंपनीतल्या वार्षिक तपासणीचा कागद आणला आणि गुपचूप कपाटावर सरकवला. हे चाकणला एका कंपनीत मशीनवर आहेत. मी कागद काढला, ह्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे. मधुमेह झालेला नाही, पण वाट तिकडचीच आहे. कडधान्यं, पालेभाज्या, भाकरी वाढवा. मटण-चिकन, मैदा, गोडधोड कमी करा. रोज चाला. टळू शकतं."

टळू शकतं! माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, टळलं नव्हतं. त्यांची साखर आधी डोळ्यांत गेली आणि मग पायात. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शेवटची चार वर्षं त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी मीच केलं. ह्यांचंही तसंच झालं तर, याची मला भीती होती.

मग काय, मी पदर खोचला. आम्ही परभणीकडचे, त्यामुळे ज्वारीची भाकरी मला कुणी शिकवायला नको. पहिली शिफ्ट असली की पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या. डब्यात एक दिवस मटकीची उसळ, एक दिवस हुलगे, कधी चवळी, कधी आंबाडीची भाजी. सोबत जवसाची चटणी आणि कांदा. डबा संध्याकाळी चाटूनपुसून परत यायचा. मला वाटायचं, बघा, माझ्या हाताला चव आहे!

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. साखर कमी व्हायची सोडून थोडी वाढलेलीच.

मी लॅबवाल्या बाईंना म्हटलं, "तुमचं मशीन बिघडलंय." त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, मशीन कालच तपासलंय." मग घरी येऊन ह्यांना धारेवर धरलं. "बाहेर वडापाव खाता ना? वडापाव शाकाहारी असतो म्हणून चालतो असं वाटलं की काय?"

"आईशप्पथ, वडापावाला हात लावलेला नाही," हे म्हणाले. आणि ते खरंच होतं.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते असं. पुढच्या रविवारी ह्यांच्या लाइनवरचे एक भाऊ बायकोला घेऊन आमच्याकडे आले. ते चाकणजवळच्या कुरुळीचे, घरची शेती आहे, म्हणून पिशवीभर गवार आणली होती. बसल्या बसल्या म्हणाले, "वहिनी, तुमचे लई उपकार हायेत बघा. माझी साखर पार खाली आली. डाक्टर इचारतोय, काय केलं? आता आमी काय बी केलं न्हाई, निस्ता तुमचा डबा खाल्ला!"

त्यांची बायको कौतुकाने म्हणाली, "आन् तुमच्या मालकांना आमचा कोंबडीचा रस्सा आवडतो. म्हनून मी रोज वाईच जास्तच घालते."

कंपनीत चौघं जण डबे मधोमध ठेवून जेवतात. आपला डबा आपणच खाल्ला तर माणूस चिकट ठरतो. त्यामुळे माझी मटकी कुरुळीला पोचत होती आणि कुरुळीची कोंबडी आमच्या ह्यांच्या पोटात! ह्यांनी चहाच्या कपात असं तोंड घातलं की बाहेर काढेनात.

पाहुणे गेल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मी पहाटे उठून मरायचं आणि तुम्ही दुसऱ्यांच्या कोंबड्या खायच्या?" बरंच काही बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "तो डबा उघडला की मला आबांचं ताट दिसतं. सगळे एकीकडे जेवायचे आणि आबांचं वेगळं शिजवलेलं, वेगळं वाढलेलं. तू घरातही तेच सुरू केलंयस. मला भाकरी-हुलगे आणि तुम्हाला पोळी-बटाटा. मी अजून आजारी नाही गं."

खरंच होतं. मी रोज दोन स्वयंपाक करत होते आणि दोन चमचे साखरेचा चहा त्यांच्या समोर भुरकत होते. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकच स्वयंपाक. पोरांनी दोन दिवस तोंडं वाकडी केली, तिसऱ्या दिवशी हुलग्याच्या शेंगोळ्यांवरून भांडली. मग मी कुरुळीच्या वहिनींना फोन केला आणि सगळं खरं सांगून टाकलं. त्या हसून हसून बेजार. म्हणाल्या, "आत्ता गं बया! थांबा, मी बाकीच्या दोघींनाबी सांगते." झालं, चारही घरांतून भाकरी, उसळी आणि पालेभाज्या जाऊ लागल्या. कोंबडी महिन्यातून एखाद्या रविवारी, ती आपापल्या घरी. आता खा म्हणावं कुणाचाही डबा! संध्याकाळी आम्ही दोघं कासारवाडी स्टेशनपर्यंत चालत जायचो. येताना शेअर रिक्षा, कारण माझे गुडघे बोलतात.

पुन्हा तीन महिने गेले. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "काठावरून चांगले मागे आलात की! गोळी-बिळी काही नको. हे मात्र सोडू नका."

मी खुशीत भराभरा पायऱ्या उतरले. मागे बघते तर हे दवाखान्याच्या दारातच उभे, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. लग्नाला अठरा वर्षं झाली, ह्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

"अहो, काय झालं? चांगलं सांगितलं ना डॉक्टरांनी?"

"आबांना उचलून मोरीत मीच न्यायचो," हे म्हणाले. "रोज वाटायचं, आपलं पोरगं आपल्याला असंच नेणार."

इतके महिने मी समजत होते, भीती मला एकटीलाच आहे. रिक्षावाले बघत होते. बघू देत म्हटलं, आणि भर रस्त्यात ह्यांचा हात धरून चालायला लागले.