जाहिराती लागल्या की

क्रिकेटच्या सामन्यात जाहिराती लागल्या की लोक टीव्हीचा आवाज बंद करतात, उठून पाणी पितात, बाथरूमला जाऊन येतात. आमच्या घरी मात्र खरा कार्यक्रम तेव्हाच सुरू व्हायचा.

बाबा आमच्याकडे जयपुरात, तिलक नगरला राहतात. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, सातारा जिल्ह्यात आमच्या गावी. सामना असला की बाबा फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवरच्या स्टीलच्या वाटीत उभा करतात, वाटीमुळे आवाज मोठा येतो म्हणून. तिकडे काकांचंही तसंच. चेंडू पडत असताना दोघांपैकी कुणी चकार शब्द काढायचा नाही. विकेट पडली की दोघांनी एकदम ओरडायचं. आणि षटक संपून जाहिराती लागल्या की वाटीतून प्रश्न यायचा, "गुडघा काय म्हणतोय रं?"

मग साबण, सिमेंट आणि कोल्ड्रिंकच्या आडून सगळं चालायचं. ऊस गेला का, गावात कोण आजारी आहे, कुणाच्या पोरीचं जमलं, काकू गेल्यापासून काका दोन्ही वेळा पिठलंच करून खातात ते खरं का. जाहिराती संपल्या की वाक्य अर्ध्यात तुटायचं. उरलेलं पुढच्या षटकानंतर. एकदा कुणाच्या तरी बायपासची बातमी काकांनी पूर्ण करायला तीन षटकं घेतली होती, आणि त्या माणसाचं काय झालं या काळजीत मी पोळ्या करपवल्या होत्या.

मी इथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क हा माझा वर्गातला हुकमी विषय, कारण त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलंसुद्धा डोळे उघडे ठेवतात. मी त्यांना सांगते, एखादी कंपनी बोली लावून हे हक्क घेते. त्या बोलीतली शून्यं मोजताना आपल्याला धाप लागते. मग ती एवढा पैसा वसूल कुठून करते? तर षटकांच्या मधल्या त्या एवढ्याशा फटीतून. त्या फटीत जाहिरात दाखवायला दुसऱ्या कंपन्या रांग लावतात. म्हणजे बाजारात विकला जातो तो सामना नव्हे, सोफ्यावर बसलेले तुम्ही. हे वाक्य मुलं आवडीनं वहीत उतरवतात आणि परीक्षेत चुकीच्या प्रश्नाला लिहितात.

घरी आमचे दोघे म्हातारे त्या फटीत बसून फुकट संसार करत होते. जाहिरातवाल्यांनी मोजलेल्या वेळात काका पिठल्याची कृती सांगायचे. बाबांनी त्या जाहिरातींतली एक वस्तू कधी विकत घेतली असेल तर शपथ.

यात एक जुनी रीत आहे, तीही सांगायला हवी. टॉस झाला की काका मिस्ड कॉल देतात आणि मग बाबा फोन लावतात. फोन महाग होता आणि बाबांना फौजेचा पगार होता, तेव्हापासूनची ही वहिवाट. आता बोलणं फुकट झालं, बाबा जयपूरच्या छावणीतून रिटायर होऊनही जमाना झाला, पण थोरल्यानं खूण करायची आणि धाकट्यानं फोन लावायचा, यात फरक नाही. मिस्ड कॉल नाही तर फोन नाही. एरवी हे दोघे एकमेकांना कधीच फोन करत नाहीत. मी एकदा विचारलं तर बाबा म्हणाले, "उगीच फोन करून बोलायचं काय? कसा आहेस, बरा आहे. पुढे?" दोन सख्ख्या भावांचं सगळं बोलणं त्या जाहिरातींवर उभं होतं. तेवढं गेलं की काही उरत नव्हतं.

आणि ते जायची वेळ आणली ती त्याच हक्कांनी. पुढच्या लिलावात एकाच सामन्याचे दोन तुकडे झाले. टीव्हीवर दाखवायचा हक्क एका कंपनीकडे, इंटरनेटवर दाखवायचा दुसरीकडे. इंटरनेटवाल्यांना गिऱ्हाईक ओढायचं होतं, म्हणून त्यांनी ॲपवर सामने फुकट केले. इकडे डिशवाल्यांचा खेळांचा पॅक महागला. माझा नवरा डॉक्टर आहे, पण फुकट हा शब्द ऐकला की त्याच्यातला कारकून जागा होतो. त्यानं राजा पार्कच्या बाजारातून भिंतभर टीव्ही आणला, त्यात ॲप टाकलं आणि डिश बंद करून टाकली. मीही म्हटलं, छान झालं. बाजार असा चालतो हे मला शिकवता येतं, तो माझ्या दिवाणखान्यातून चालत जाईल हे काही सुचलं नाही.

पहिल्याच सामन्यात घोळ झाला. बाबांच्या टीव्हीवर गोलंदाज अजून पँटला चेंडू घासत होता आणि वाटीतून काका ओरडले, "गेला! गेला रं गेला!"

"कोण गेला?" बाबा म्हणाले. ते दचकलेच, काकांच्या वयाची माणसं असं ओरडतात तेव्हा भलतंसलतं मनात येतं.

"अरं बोल्ड की! आंधळा हायस काय?"

मग आमच्याकडे गोलंदाज धावला, दांडी उडाली आणि बाबा नुसते बघत बसले. पुढच्या विकेटला तेच. षटकारालाही तेच. जाहिरातींचं तर विचारूच नका. काकांकडे साबण लागला आणि त्यांनी गुडघा विचारला की बाबांच्या टीव्हीवर षटकाचा शेवटचा चेंडू पडत असायचा, आणि बाबा खेकसायचे, "थांब जरा!" बाबांकडे जाहिराती लागेपर्यंत तिकडे पुढचं षटक सुरू, मग काका खेकसायचे, "गप बस जरा!" माझी लेक दहावीत आहे, तिचं मराठी अडखळत चालतं. ती मध्येच म्हणाली, "आजोबा, वो मतलब... आपला टीव्ही लेट आहे." कुणी ऐकलंच नाही. शेवटी बाबा चिडून म्हणाले, "दादा, तू सगळ्या मॅचचा सत्यानाश केलास. तोंड बंद ठेवायला काय घेशील?"

पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज तेवढा आला.

पुढच्या सामन्याला टॉस झाला, मिस्ड कॉल नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. बाबा भिंतभर टीव्हीसमोर बसायचे, फोन वाटीत उभा करायचे आणि टॉसनंतर थोड्या वेळानं वाटी उचलून स्वतःच ओट्यावर नेऊन ठेवायचे. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच करा ना फोन." तर म्हणाले, "त्यानं खूण केली नाही." मी चिडले. दोन घोडे झालेत, एकाची सत्तरी आणि दुसऱ्याची पंच्याहत्तरी उलटली, आणि खूण कसली मागताय! पण ते वाटी उचलून नेताना बघून मला इतकं वाईट वाटायचं की रागही धड टिकायचा नाही. माझी आई गेली, जुने फौजी सोबती विखुरले. लहानपणीचं नाव घेऊन हाक मारणारं बाबांना दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी मीच काकांना फोन लावला आणि वर्गात सांगते तसं समजावलं.

"काका, बाबांचं चित्रच उशिरा येतं."

"उशिरा म्हंजी? म्याच तर एकच हाय न्हवं?"

"मॅच एकच, पण विकली दोनदा. टीव्हीवाल्याला वेगळी, इंटरनेटवाल्याला वेगळी. तुमची डिशवरून लगेच येते. आमची इंटरनेटवरून, रमतगमत. अर्धं मिनिट तरी जातं मध्ये."

"म्हंजी त्यो मागं ऱ्हातोय म्हण की."

"हो. त्यात त्यांचा काही दोष नाही."

काका हसले. "ल्हानपणापास्नं तसाच हाय त्यो. शाळंला जाताना बी मागंच असायचा." आणि फोन ठेवून दिला.

मला असा संताप आला! म्हटलं, भाऊ तिकडे रिकामी वाटी घेऊन बसलाय आणि यांना थट्टा सुचतेय. मी त्याच दिवशी डिशवाल्याला फोन करून कनेक्शन पुन्हा जोडायला सांगितलं. त्यानं "हो जाएगा मॅडमजी, इसी हफ्ते" असं म्हणून महिनाभर तोंड दाखवलं नाही.

पण दोनच दिवसांनी सामना होता. टॉस झाला आणि बाबांचा फोन एकदा वाजून बंद पडला. बाबांनी चहाचा कप इतक्या घाईनं ठेवला की अर्धा बशीत सांडला. वाटी शोधायला माझी लेक स्वयंपाकघरात पळाली.

त्या दिवशी नवल झालं. आमच्याकडे दांडी उडाली, बाबा ओरडले, "गेला!" आणि लगेच काका ओरडले, "गेला रं गेला!" पुन्हा विकेट, पुन्हा तेच. आमच्याकडे जाहिराती लागल्या आणि वाटीतून आलं, "गुडघा काय म्हणतोय रं?" सगळं पहिल्यासारखं. नवरा म्हणाला, ॲपवाल्यांनी सुधारणा केलेली दिसते. मीही तसंच समजले. दिवस छान चालले होते, कशाला खोलात जा.

महिन्याभरानं डिशवाला उगवला, तोही नेमका सामना चालू असताना. खांद्यावर वायर, हातात डबा. मी त्याला आत घेतलं तर बाबांनी खुर्चीतूनच हात केला. "भैया, रहने दो. नहीं लगाना."

मी म्हटलं, "अहो बाबा, लागू दे की. मग दोघांचं अगदी बरोबर दिसेल."

बाबांनी फोनवर तळवा ठेवला, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून, आणि हळू आवाजात म्हणाले, "दादाच्या टीव्हीचा आवाज येतोय का तुला?"

मी कान दिला. खरंच येत नव्हता. काकांच्या टीव्हीचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जायचा, आमच्या वाटीतून कॉमेंट्री दोनदा ऐकू यायची. आता पलीकडे फक्त पंख्याची घरघर होती.

"आवाज बंद करून बघतो तो," बाबा म्हणाले. "मला आधी कळू नये म्हणून. विकेट पडली की दम धरून बसतो, मी ओरडलो की मग ओरडतो. माझ्याकडे जाहिराती लागल्याचं ऐकू येईपर्यंत थांबतो, म्हणून दर षटकाचा पहिला चेंडू त्याचा माझ्याशी बोलण्यात जातो. मग हळूच मलाच विचारतो, काय झालं रं त्या चेंडूवर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दादाला कधी नाटक जमलंय? पहिल्या दिवशीच कळलं."

डिशवाला दारात ताटकळत होता. बाबा टीव्हीकडे बघतच बोलत राहिले. "आमची शाळा ओढ्याच्या पलीकडे होती. हा लांब ढांगा टाकत पुढे जायचा आणि मी मागून बोंबलत, दादा थांब की, दादा थांब की. एकही दिवस थांबला नाही. मी भरती झालो तेव्हा एस्टीवर सोडायला आला, तेव्हाही माझी ट्रंक घेऊन पुढेच चालत होता." त्यांनी डोळे पुसले, अगदी उघड, लपवायच्या भानगडीत न पडता. "आता थांबतोय. राहू दे ते डिशचं."

मी डिशवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. त्याला वाटलं आम्हाला दुसरा कुणी स्वस्तात मिळाला.

आत आले तर आमच्याकडे षटक संपून जाहिराती लागल्या होत्या. बाबांनी फोनवरचा हात काढला आणि पाय टीपॉयवर लांब केले.

"गुडघा काय म्हणतोय रं?" वाटीतून काका म्हणाले. त्यांच्याकडे तेव्हा पुढचं षटक सुरू झालेलं होतं.